दोराला लटकलेला वकील

दिवाळीनंतर कॉलेजच्या ग्रुपवर एक प्लॅन हमखास फिरतो. सांदण दरी! कोणीतरी रील टाकतं. दोन्ही बाजूंनी उभे काळे कातळ, मधे जेमतेम वाट निघेल एवढी फट, वर आभाळाची चिंधी, आणि हार्नेस बांधून दोरावरून खाली सरकणारा एक जण. खाली कमेंट्सचा पाऊस. त्यात एक जण हमखास विचारतो, हे आपल्या अकोल्यात आहे का? नाही बाप्पा. ते अकोले, नगर जिल्ह्यातलं. साम्रद गावाजवळ, रतनगडाच्या शेजारी. आपल्या अमरावतीहून निघालात तर अख्खी रात्र गाडीतच जाते.

आता भातकुलीच्या पोरांनी हा प्लॅन बघून हसावं की रडावं? आपल्याकडे दरी तर सोडाच, दगडसुद्धा शोधावा लागतो. जिकडे बघाल तिकडे काळी सपाट जमीन, तूर, कपाशी, हरभरा. बोअर मारायला गेलं तर कितीतरी फूट नुसती मातीच वर येते. पेढी नदी वाहते तीही घाई नसल्यासारखी. पावसाळ्यानंतर हवा स्वच्छ झाली की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते, तेवढाच काय तो डोंगराशी आपला संबंध.

तरीही आज तुम्हाला ज्या माणसाची गोष्ट सांगायची आहे, ती भातकुलीच्या पोरापोरींनी तर जरूर वाचावी. अरुंद दऱ्यांत, कपारींत, पाताळासारख्या विवरांत दोर लावून उतरायचं आणि खालून वाट काढत चालत जायचं, ज्याला आज आपण कॅनियनिंग म्हणतो, त्या प्रकाराच्या अगदी सुरुवातीच्या मंडळींत त्याचं नाव घेतलं जातं. गुहांच्या शास्त्राचा तर त्याला जनकच मानतात. नाव एदुआर-आल्फ्रेद मार्तेल. देश फ्रान्स. धंदा वकिली! आणि एवढ्या दऱ्या पालथ्या घालून त्याने वर काय आणलं म्हणाल, तर पिण्याच्या पाण्याबद्दलचं एक साधं, पण माणसं वाचवणारं सत्य. खारपाणपट्ट्यात वाढलेल्या माणसाला पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. म्हणून ही गोष्ट आपली.

घरचे वकील, पोरगा भलताच

मार्तेलचा जन्म १ जुलै १८५९ चा, पॅरिसजवळच्या पोंतवाझ या गावातला. घराणं कायदेवाल्यांचं. त्यामुळे पोरगं काय होणार हे पोराला विचारायच्या आधीच ठरलेलं. (हे वाचून तुमच्यापैकी निम्म्यांना आपलं घर आठवलं असेल.) सात वर्षांचा असताना आईवडिलांसोबत तो पिरेनीज पर्वतात फिरायला गेला आणि तिथे त्याने गार्गासची गुहा पाहिली. बाकी मुलं अशा ठिकाणी आवाज काढून प्रतिध्वनी ऐकतात आणि विसरून जातात. हा विसरला नाही. पुढे ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्यांनी त्याला झपाटलं. शाळेत असताना, १८७७ साली, देशपातळीवरच्या स्पर्धेत त्याने भूगोलात पहिलं बक्षीस पटकावलं.

पण घरचं ठरलेलं ते ठरलेलं. मार्तेलने कायद्याची पदवी घेतली आणि पॅरिसच्या व्यापारी न्यायालयात वकिली सुरू केली. त्याने बंड केलं नाही, घर सोडलं नाही, मला समजून घ्या म्हणून आरडाओरडा केला नाही. वर्षभर कोट घालून कोर्टात उभा राहायचा आणि उन्हाळ्याची सुटी लागली की दक्षिण फ्रान्समधल्या चुनखडीच्या पठारांकडे पळायचा. पहिली कितीतरी वर्षं या माणसाने जगाचा नकाशा बदलण्याचं काम केलं ते सुटीत, स्वतःच्या खिशातले पैसे घालून.

तहानलेली पठारं

ही पठारं कशी आहेत ते आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. चुनखडीचा दगड पावसाच्या पाण्यात हळूहळू विरघळतो. पाऊस पडताना हवेतला आणि मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतो, त्याने पाणी किंचित आंबट होतं, आणि हे आंबट पाणी लाखो वर्षं दगडाच्या भेगा रुंदावत राहतं. भेगांच्या नळ्या होतात, नळ्यांची भुयारं होतात, कुठे छत कोसळून विहिरीसारखं तोंड उघडतं. शेवटी पठारावर पडलेला पाऊस वर थांबतच नाही, सरळ आत जातो. वरची गावं कोरडी ठणठणीत, मेंढ्यांना पाजायलासुद्धा पावसाचं पाणी डबक्यात साठवायचं. आणि शेकडो मीटर खाली, नदीच्या घळीत, कड्यातून अचानक भलामोठा झरा उसळतो.

हे पाणी मधे कुठून जातं? कोणालाच ठाऊक नव्हतं. विवरांबद्दल होत्या त्या फक्त गोष्टी. अमुक खड्डा सैतानाने टाच मारून केला, तमुक विवरात गेलेला परत येत नाही. आपल्याकडे चिखलदऱ्याच्या भीमकुंडाबद्दल सांगतात ना, भीमाने कीचकाला मारून दरीत फेकलं आणि या कुंडात अंघोळ केली, तसंच. जगात कुठेही जा, खोल दरी दिसली की माणूस तिला गोष्ट जोडतो. गोष्ट जोडली की उतरून बघायची गरज राहत नाही.

मार्तेलला मात्र उतरून बघायचं होतं.

बैल हंबरतो त्या फटीत

पठारावरच्या काँप्रिय गावाजवळ एक ओढा आहे. नाव बोनर, म्हणजे सुख. हा सुखाचा ओढा वाहता वाहता जमिनीत गडप होतो आणि काही शे मीटरवर, एका उंच कड्याच्या अरुंद फटीतून, धबधब्यासारखा बाहेर कोसळतो. पाणी चढलं की त्या फटीतून असा आवाज येतो की लोकांनी जागेचं नावच ठेवलं ब्रामाबियो, म्हणजे हंबरणारा बैल. पोळ्याच्या मुलखातल्या आपल्याला हे नाव लगेच कळतं.

जून १८८८ मध्ये मार्तेल काही सोबत्यांना घेऊन, ओढा जिथे गडप होतो तिथून आत शिरला. आत अंधार, गार पाणी, एकामागून एक छोटे धबधबे, आणि भिंती इतक्या जवळ की कुठे कुठे आडवं होऊन सरकायचं. हातात मेणबत्त्या. दोन दिवस झटून २८ जूनला ही मंडळी कड्याच्या फटीतून, बैलाच्या तोंडातून म्हणा, दुसऱ्या बाजूला बाहेर पडली. जमिनीखालची नदी एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत पार केली! फ्रान्समध्ये गुहाशास्त्राची सुरुवात या दिवसापासून धरतात.

या टोळीत एक नाव लक्षात ठेवा. लुई आर्मां. हा ल रोझिए गावातला लोहार-कुलूपवाला. शिक्षण बेताचं, हात सोन्याचे. दोर कुठे घासेल, शिडी कुठे अडकवायची, कुठला दगड हलतो, हे त्याला न सांगता कळायचं. पॅरिसचा वकील आणि खेड्यातला लोहार यांची जोडी पुढे कितीतरी वर्षं टिकली. मार्तेलची बहुतेक मोठी कामं या जोडीची आहेत.

पंचाहत्तर मीटर खाली

पुढच्याच वर्षी पादिराक. मैदानात अचानक तोंड उघडलेला गोल खड्डा, तोंडाचा व्यास तीसेक मीटर, खोली ७५ मीटर. म्हणजे वीस-पंचवीस मजली इमारत उलटी जमिनीत गाडल्यासारखी. सैतानाने टाच मारून केलेला खड्डा म्हणतात तो हाच.

९ जुलै १८८९ ला मार्तेल त्यात उतरला. कसा? तुमच्या रीलमधल्यासारखा नाही. ना हार्नेस, ना डिसेंडर, ना हेडलॅम्प. होता तागासारख्या धाग्याचा जाड दोर, जो ओला झाला की फुगतो आणि वजनाला दुप्पट होतो. लाकडी पायऱ्यांच्या दोरशिड्या, एकीला एक जोडलेल्या. खोल विवर असेल तर दोराच्या टोकाला आडवी काठी बांधायची, त्यावर झोपाळ्यासारखं बसायचं आणि वर उभ्या असलेल्या गावकऱ्यांनी हळूहळू सोडायचं. दोर पीळ सोडतो तसा माणूस गरगर फिरतो. वरून सुटलेला दगड डोक्यात आला तर डोक्यावर टोपीच. खालून वर निरोप द्यायला आधी शिट्टी, नंतर नंतर टेलिफोन. हो, टेलिफोन! नवीन आलेलं यंत्र या गड्याने थेट विवरात नेलं, कारण धबधब्याच्या आवाजात ओरडलेलं वर पोचत नाही आणि वरच्याने चुकीच्या वेळी दोर सोडला तर खेळ खलास.

पादिराकच्या तळाशी त्याला बोगदा सापडला आणि बोगद्यात नदी. घडी होणारी कॅनव्हासची होडी खाली उतरवून मंडळी त्या काळोख्या नदीवरून निघाली. मॅग्नेशियमची तार पेटवली की क्षणभर लख्ख उजेड, वर देवळाच्या घुमटासारखी छतं, लोंबणारे चुन्याचे झुंबर, पुन्हा अंधार. पुढे दहा वर्षांच्या आत पादिराकमध्ये जिने बांधले गेले आणि लोक तिकीट काढून बघायला येऊ लागले. आजही येतात.

आता इथे थांबलो असतो तर ही एका धाडसी माणसाची गोष्ट झाली असती आणि तुम्ही लाइक करून पुढे गेला असता. खरी गोष्ट पुढे आहे.

मेलेलं वासरू

१८९१ चा उन्हाळा. त्याच भागात फिरताना मार्तेलने एका झऱ्याचं पाणी प्यायलं. कड्यातून येणारं, काचेसारखं स्वच्छ, दातांत कळ जाईल इतकं गार. अशा पाण्यावर कोण संशय घेणार? तिथली माणसंही पिढ्यान्‌पिढ्या तेच पीत होती. झऱ्याचं पाणी म्हणजे शुद्ध पाणी, हे जसं आपल्याकडे गृहीत, तसंच तिकडेही.

मार्तेल आजारी पडला. चांगलाच पडला.

दुसऱ्या कोणी औषध घेतलं असतं आणि विषय संपवला असता. याने बरा झाल्यावर झऱ्याच्या वरचं पठार गाठलं. तिथे एक विवर होतं. त्यात उतरून बघतो तर तळाशी सडलेलं वासरू. वरच्या गावातली जनावरं मेली की पुरायचे कष्ट कोण घेणार? विवरात ढकलली की काम झालं. नजरेआड गेलं, म्हणजे गेलंच. पण ते कुठेही गेलं नव्हतं. विवरात पडणारं पावसाचं पाणी त्या वासरावरून वाहत खालच्या झऱ्यात येत होतं. आणि खालचं गाव ते ओंजळीने पीत होतं.

यातलं शास्त्र सोपं आहे. मातीतून आणि वाळूतून पाणी जातं तेव्हा ते थेंबाथेंबाने, अगदी सावकाश झिरपतं. वाटेत कचरा अडतो, बरेचसे जंतू मरतात. मातीचा थर म्हणजे फुकटातलं फिल्टर. चुनखडीच्या भुयारात मात्र पाणी झिरपत नाही, धावतं. तिथे गाळणीच नाही. वरून जे पडेल ते काही तासांत किंवा काही दिवसांत खालून बाहेर. पाणी दिसायला नितळ, पण आत टायफॉइड. दिसणारा गाळ खाली बसतो, न दिसणारे जंतू बसत नाहीत. लुई पाश्चरमुळे जंतूंची गोष्ट तोपर्यंत लोकांच्या कानावर आली होती. पण कड्यातून येणारा झरा आणि दोन कोस वरचा खड्डा यांचं नातं सांगायला त्या खड्ड्यात उतरलेला माणूस लागत होता.

तो माणूस आता भेटला होता. आणि तो वकील होता, हे विसरू नका. पुरावा कसा गोळा करायचा आणि बाजू कशी लावून धरायची हे त्याला कोर्टाने शिकवलं होतं. पुढची दहा वर्षं मार्तेल एकच मुद्दा घेऊन भांडत राहिला. लेख लिहिले, भाषणं दिली, मंत्रालयाचे उंबरे झिजवले, विवरांचे नकाशे काढून कुठलं विवर कुठल्या झऱ्याला मिळतं ते दाखवलं. वरच्या टोकाला पाण्यात हिरवा रंग टाकायचा आणि खाली कुठल्या झऱ्याचं पाणी हिरवं होतं ते बघत बसायचं, ही पद्धतही त्याने वापरली.

याच काळात एक मजेशीर पुरावा आपणहून चालून आला. १९०१ साली पूर्व फ्रान्समध्ये दू नदीच्या काठच्या एका मोठ्या दारूच्या कारखान्याला आग लागली. स्फोट होऊ नये म्हणून टाक्यांतली लाखो लिटर दारू नदीत सोडून दिली. दोनेक दिवसांनी काही किलोमीटरवरच्या लू या वेगळ्याच नदीच्या उगमाला दारूचा वास यायला लागला! लोकांनी ओंजळी भरभरून काय केलं असेल ते तुम्ही ओळखा. पण शास्त्रज्ञांना कळायचं ते कळलं. एका नदीचं पाणी जमिनीखालून दुसरीत जात होतं, आणि जे दारूचं तेच घाणीचं.

१५ फेब्रुवारी १९०२ ला फ्रान्समध्ये सार्वजनिक आरोग्याचा मोठा कायदा झाला. विवरांत, खड्ड्यांत मेलेली जनावरं आणि घाण टाकायला त्यात बंदी आली. लोक त्या तरतुदीला मार्तेलचा कायदा म्हणतात. एका वासराने पाडलेल्या आजारपणाचा हिशेब अकरा वर्षांनी चुकता झाला.

नाव कोणाचं?

मधल्या काळात दऱ्या-विवरं सुरूच होती. १८९५ मध्ये त्याने गुहाशास्त्राची संस्था काढली, तिचं नियतकालिक सुरू केलं. त्याच वर्षी १ ऑगस्टला तो इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये गेपिंग गिल नावाच्या विवराच्या काठावर उभा होता. शंभरेक मीटरची सरळ उभी उडी, तीही कोसळत्या ओढ्यासोबत. तिथल्या लोकांनी आधी प्रयत्न केले होते, पण तळ कोणी गाठला नव्हता. मार्तेल दोरशिडीने एकटा उतरला, पूर्ण वेळ डोक्यावर पाणी घेत, आणि तळाच्या अवाढव्य दालनात चक्कर मारून वर आला. यजमानांना आनंद झाला आणि थोडी चीडही आली. आपल्या घरातली खोली पाहुण्याने उघडली तर कोणाला आवडेल? पण त्यातूनच तिथल्या तरुणांनी जोमाने विवरं धुंडाळायला घेतली.

१८९७ च्या सप्टेंबरात लुई आर्मां धावत मार्तेलकडे आला. पठारावर एक नवं विवर हाती लागलं होतं. पहिला खाली उतरला तो आर्मांच. ७५ मीटर खाली त्याला दगडी जंगल दिसलं. जमिनीतून वर वाढलेले चुन्याचे शेकडो खांब, सर्वांत उंच तीस मीटरचा. मार्तेलने त्या विवराला ना स्वतःचं नाव दिलं, ना कुठल्या मंत्र्याचं. त्याचं नाव आजही आर्मांचं विवर असंच आहे. त्या काळच्या साहेबांच्या जगात वाट दाखवणाऱ्या गावकऱ्यांची नावं बहुधा पुस्तकाच्या तळटिपेतही येत नसत. ग्रुप प्रोजेक्टवर कोणाचं नाव आधी टाकायचं यावरून भांडण झालं की हा लोहार आठवा.

१८९९ मध्ये, चाळिशीत, मार्तेलने वकिलीला कायमचा रामराम ठोकला.

व्हेर्दों : चार दिवस, एक दरी

आता कॅनियनिंगवाल्यांच्या काळजाचा विषय. दक्षिण फ्रान्समधली व्हेर्दों नदीची घळ युरोपातल्या सर्वांत भव्य घळींपैकी एक. वीसेक किलोमीटर लांब, कडे काही ठिकाणी सातशे मीटर उंच, तळ कुठे कुठे इतका अरुंद की नदी भिंतीपासून भिंतीपर्यंत भरलेली, चालायला काठच नाही. १९०५ सालापर्यंत ही दरी तळातून या टोकापासून त्या टोकापर्यंत पार केल्याची नोंद नव्हती.

मार्तेल तिथे मजेसाठी गेला नव्हता. सरकारच्या शेती खात्याला त्या भागातल्या एका प्रचंड झऱ्याची माहिती हवी होती, कारण खालच्या शहरांना पाणी पाजायचं होतं. झऱ्याचं पाणी कुठून येतं हे कळायचं तर दरी आतून बघायला हवी. म्हणजे इथेही मुळाशी पाणीच.

११ ऑगस्ट १९०५ ला टोळी दरीत शिरली. मार्तेल, जुना दोस्त लुई आर्मां, जाने नावाचा इंजिनिअर, आणि रुगों या काठच्या गावचा मास्तर इझिदोर ब्लां, शिवाय काही गावकरी. ब्लां मास्तरांना दरीच्या वाटा पाठ. होड्या होत्या, पण खडकांत आदळून आदळून त्यांचे हाल झाले. जिथे होडी जाईना तिथे ती उचलून न्यायची. जिथे उचलता येईना तिथे दोर लावून कपारीवरून पलीकडे उतरायचं. दोर नाही तिथे गळ्यापर्यंत पाण्यातून. रात्री दगडांवर ओल्या कपड्यांनी. अरुंद दरीत सूर्य दिवसातून थोडा वेळच तोंड दाखवतो, त्यामुळे ओलं झालेलं वाळत नाही. सांदणला जाऊन आलेल्यांना ही थंडी माहीत असेल.

चौथ्या दिवशी, १४ ऑगस्टला, ते पलीकडच्या टोकाला बाहेर पडले. मार्तेल तेव्हा ४६ वर्षांचा होता. आज त्या दरीतून लाखो पायांनी तुडवलेली एक प्रसिद्ध पायवाट जाते. तिच्या नावात दोघं आहेत, आणि आधी मास्तर आहेत. ब्लां-मार्तेल वाट.

पुढच्या काही वर्षांत त्याने पिरेनीजमधल्या काकुएता वगैरे घळी धुंडाळल्या. या तर खऱ्या अर्थाने चिरा. दोन भिंतींत काही पावलांचं अंतर, वर शे-दोनशे मीटर उंची, शेवाळ, पाझर आणि हिरवा अंधार. कॅनियनिंग हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता, पण जे काम आज तुम्ही पैसे भरून वीकेंडला करता, ते हेच.

शेवट, आणि एक हिशेब

मार्तेलचं सगळंच बरोबर होतं असं समजू नका. लिहायची आणि गाजायची हौस त्याला भरपूर होती. चुनखडीच्या पोटात पाणी फक्त भुयारांतूनच वाहतं, एकसंध साठा नसतोच, हे मत त्याने इतकं ताणलं की पुढच्या भूशास्त्रज्ञांना ते सैल करावं लागलं. आणि तो गेला त्याहून कितीतरी खोल नंतरची पोरं गेली. १९३० च्या आसपास हलक्या धातूच्या शिड्या आल्या आणि मार्तेलची मणामणाची सामग्री संग्रहालयात जाऊन बसली. त्याला त्याचं फार दुःख झालं असेल असं वाटत नाही. म्हातारपणी तो फ्रान्सच्या भूगोल संस्थेचा अध्यक्ष होता. भूगोलात पहिला आलेला शाळकरी पोरगा फिरून फिरून भूगोलाच्याच खुर्चीत येऊन बसला होता. ३ जून १९३८ ला, ७८ व्या वर्षी, तो गेला.

ज्या झऱ्यासाठी तो व्हेर्दोंच्या दरीत उतरला होता, तो झरा आता दिसत नाही. १९७० च्या दशकात तिथे धरण झालं आणि झरा तलावाखाली बुडाला. पाणी मात्र शहरांपर्यंत पोचलं.

मग आपल्या भातकुलीचं काय?

आपल्याकडे चुनखडीची भुयारं नाहीत. पूर्णेच्या खोऱ्यात गाळाची जाड माती आहे आणि तिच्या पोटातलं पाणी खारट आहे. म्हणून तर खारपाणपट्ट्यातली कितीतरी गावं पिण्यासाठी मेळघाटच्या पायथ्याच्या धरणांकडे, म्हणजे त्या निळ्या रेघेकडे तोंड करून बसलेली असतात. आपला नळ त्या डोंगराच्या दऱ्यांना जोडलेला आहे. चिखलदऱ्याला गेल्यावर कड्यावरून भिरकावलेली बाटली आणि चिप्सचं पाकीट कुठल्या ओढ्यात जातं, तो ओढा कुठे जातो, हे एकदा नकाशावर बोट ठेवून बघा. अंगावर काटा येईल.

आणि दुसरं, त्याहून जवळचं. आपल्या गावात एखादी पडीक विहीर असेलच. नळ आल्यापासून तिचं पाणी कोणी काढत नाही. मग हळूच कोणीतरी तिच्यात कचरा टाकतं, निर्माल्य टाकतं, एखादं मेलेलं जनावरही. नजरेआड गेलं, म्हणजे गेलं! मातीचं जे फुकट फिल्टर निसर्गाने दिलं, त्याला भोक पाडून विहीर खणलेली असते. तिच्यात टाकलेली घाण गाळणी चुकवून थेट पाण्याच्या थरात जाते, आणि शेजारच्या बोअरला ते पाणी परकं नसतं. मार्तेलच्या विवरात आणि आपल्या पडीक विहिरीत फरक आहे तो फक्त खोलीचा.

तेव्हा सांदणला जा. नक्की जा. दोरावर पहिल्यांदा पाय सोडताना पोटात जो गोळा येतो, तो आयुष्यात एकदा तरी यायला हवा. पण परत आल्यावर गावातल्या त्या विहिरीच्या काठावर उभं राहून एकदा आत वाकून बघा. काय पडलंय ते दिसलं, की ग्रुपवर पुढचा प्लॅन टाका. यावेळी अमरावतीहून रात्रभर प्रवास करायची गरज नाही, सकाळी दोर, बादल्या, घमेली आणि जाणकार माणूस घेऊन जमलं तरी चालेल.

दरीत उतरण्याआधी

पावसाळ्यात अरुंद दरी म्हणजे सापळा. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि मैलभर वर ढग फुटलेला असतो. पाणी आलं तर बाजूला व्हायला जागा नसते. पाऊस पूर्ण थांबल्यावरच जा.

दोर, हार्नेस, हेल्मेट आणि शिकलेला माणूस, यातलं एकही नसेल तर वरूनच बघून परत या.

स्थानिक वाटाड्या घ्या, त्याचे पैसे घासाघीस न करता द्या, आणि फोटोखाली त्याचंही नाव टाका.

जुन्या विहिरीत एकट्याने कधीच उतरू नका. आत विषारी वायू साठलेला असू शकतो आणि तो दिसत नाही. ग्रामपंचायतीला सोबत घ्या.

नेलं ते सगळं परत आणा. खाली कोणीतरी ते पाणी पितं.